तोवर प्रायमर

शेलाउगच्या दुकानात पांढऱ्याचे एकोणीस प्रकार आहेत.
मी कार्ड घेऊन आले नोव्हेंबरच्या शेवटी,
दुपारी दोन वाजता, टॉर्च लावून.
ओडवार म्हणाला, पांढरा म्हणजे पांढरा.
चष्मा न लावताच म्हणाला.

बैठकीच्या भिंतींना पाइनच्या फळ्या,
एक्याऐंशी साली त्यानं स्वतः ठोकलेल्या.
तेव्हा मधाच्या रंगाच्या होत्या.
आता कॉफीत बुडवून विसरलेल्या बिस्किटासारख्या.
हे मी त्याला तोंडावर सांगितलं नाही,
फक्त म्हटलं, रंगवू या.
तीन दिवस तो माझ्याशी हवामानापुरतं बोलला.

दिव्याखाली कार्ड धरलं.
'अंड्याचं कवच' पिवळं,
'ओला बर्फ' पिवळा,
'धुकं', 'चुना', 'मेंढीची लोकर',
सगळी एकाच आईची लेकरं.
शेलाउगला फोन केला तर ती हसत सुटली.
अगं, अंधाराच्या महिन्यांत रंग कोण निवडतं?
सूर्य येऊ दे हामरफेस्टात.
तोवर प्रायमर मार.

मग काय, भिंत धुतली.
बादलीत चाळीसेक वर्षांचा धूर उतरला,
तळलेल्या कॉडचा, मेणबत्त्यांचा,
त्याच्या आईच्या सिगारेटींचा,
जी इथं फक्त नाताळात यायची.
पाणी तीनदा बदललं.
मग पॉलिशपेपर, लाकडाच्या रेषेरेषेनं.
आडवा हात मारला
की लाकूड डूख धरून बसतं.

गाठींचं मला काही माहीत नव्हतं.
ओडवार खुर्चीतूनच बोलला, कितीतरी दिवसांनी सलग:
आधी गाठी बंद कर.
नाहीतर त्यांच्यातली राळ वर येते,
रंगाचे कितीही हात मार,
सहा महिन्यांत एकेक गाठ पिवळी डोकावते.
लाखेचा प्रायमर आण. बारीक ब्रश. प्रत्येकीला दोनदा.
असतील तरी किती, मी विचारलं.
चारशे बारा.

मी ब्रश खाली ठेवला.
त्या हिवाळ्यात पाठ धरली होती ना माझी, तो म्हणाला,
या कोचावर पडून दुसरं काय मोजणार.

त्या हिवाळ्यात मी बेर्गेनला होते, बहिणीकडे,
सात आठवडे.
कशासाठी, ते आम्ही दोघंही काढत नाही.

उणे चौदात खिडकी सताड उघडी,
स्पिरिटचा वास डोळ्यांत.
डब्यावर लिहिलं होतं, ही लाख किडे करतात
कुठल्याशा उष्ण देशात, झाडाच्या फांदीवर.
मी दोन स्वेटर, कानटोपी, आणि त्यांचं ऋण.
वरच्या गाठी माझ्या.
खालच्या त्यानं घेतल्या, कारण माझे गुडघे,
बुटक्या स्टुलावर बसून,
प्रत्येक गाठीला लहान मुलाच्या
खरचटल्या कोपराला औषध लावावं तसं.
आकडा मोठ्यानं म्हणत होता.
चारशे नऊवर थांबलो.
तीन सापडेनात.
तुझी मोजणी चुकली असेल, मी म्हटलं.
त्यानं मान हलवली, नाही अशी.

एकवीस जानेवारी. सगळा गाव बन खात टेकडीवर.
आम्ही घरातच, कार्ड भिंतीला धरून.
अकरा अडतीसला तो आला,
आडवा, तांबूस, चार मिनिटांचा पाहुणा.
एकोणीसच्या एकोणीस पांढरे गुलाबी झाले.
हा, ओडवार म्हणाला, बोट ठेवून.
कुठला?
तेवढ्यात गेला.

आज एप्रिलची तेरा.
रात्री नऊला दिवा लागत नाही, आता सबब नाही.
कार्ड फ्रिजवर चुंबकाखाली वाकलंय.
भिंत अजून प्रायमरचीच, खडूसारखी कोरडी;
हात लावला की बोटांना काही लागत नाही,
तरी आपण ती पुसतो.
शेलाउग येऊन गेली, म्हणाली,
छान आहे गं, कुठला पांढरा हा?

आणि कोचाच्या मागं, जमिनीपासून वीतभर वर,
एक पिवळा ठिपका उमटतोय.
ओडवारनं वाकून पाहिला, कंबर धरून.
चारशे दहा, म्हणाला.