उलटी धार

गोआसोच्या बाजारात मंगळवारी
माझ्या फळीवर चाळीस कोयते असतात,
तेलकट कागदात गुंडाळलेले,
आणि गिऱ्हाईक कोणतंही असो, आधी वजन विचारतं.
वजन विचारू नये.
सकाळी हातात घेतलेला कोयता
दुपारी बाराला दुसराच कोयता असतो.

बोआतेमानं काहीच विचारलं नाही.
एक उचलला, कागद सोलला,
पात्याला नखानं टिचकी मारून कानाशी धरला.
बद्द.
परत ठेवला.
दुसऱ्याचा नाद जरा लांबला, मग मध्येच तुटला.
"मुठीत रिव्हेट ढिला आहे," म्हणाली. होताच.
मी अडोमाकोकडे पाहिलं, अडोमाकोनं आभाळाकडे.

तिसऱ्याचं टोक जमिनीला टेकवून तिनं अंगभार दिला.
पातं वाकलं, सोडलं तसं सरळ झालं,
तक्रार न करता.
मग एक डोळा मिटून पात्याच्या कडेवरून लांब पाहिलं,
जणू टोकाच्या पलीकडे तिची जमीन सुरू होते:
कोकोची कोवळी झाडं, त्यांच्या गळ्यापर्यंत आलेलं गवत,
केळीच्या बुंध्यांना वेढून माजलेल्या वेली,
आणि बेणणीला माणूस नाही.

"जड घे," मी सवयीनं म्हणालो, "एका घावात काम होतं."
"एक घाव कुणाला हवाय?
मला दिवसाला तीन हजार हवेत."

लाकडी मूठ घेतली. प्लास्टिकची घामात फिरते म्हणाली.
करंगळी मुठीच्या चोचीत नीट अडकते का ते पाहिलं,
आणि मग भर बाजारात,
टोमॅटोवाली बघत असताना,
कोयता डाव्या हातात घेऊन हवेत आडवा फिरवला.

आमच्याकडे डाव्या हातानं कुणाला पाणीही देत नाहीत.
द्यावंच लागलं तर आधी माफी मागतात.
टोमॅटोवाली खोकली.
मी समोरच्या छत्र्या मोजू लागलो.
"घरात नवऱ्याचा आहे," ती म्हणाली, "त्याच्या हाताचा.
तो गेल्यापासून तीन वर्षं
गवतावरून नुसता घसरतोय.
मला वाटायचं, माझंच मनगट कच्चं."

एकतीस वर्षं मी प्रत्येक पात्याला
एकाच अंगानं कानस मारत आलो.
उतार उजवीकडे, डावी बाजू सपाट.
किती जण घेऊन गेले असतील,
रानात शिरल्यावर गुपचूप हात बदलला असेल,
आणि संध्याकाळी खांदा चोळताना
स्वतःलाच बोल लावला असेल.

हा अजून कोरा होता, बोथट, कारखान्यातून आला तसा.
शेगड्यात उलटा आवळला, कानस घेतली.
हात जाईना.
अठ्ठावन्नाव्या वर्षी
माझ्याच दुकानात मी शिकाऊ.
कानस किंचाळली, अडोमाको हसला,
पात्यावर एक वेडीवाकडी पांढरी रेघ उठली.

"सरक," बोआतेमा म्हणाली.
एक पाय फळीला लावून
टाचेपासून टोकापर्यंत, एकाच दिशेनं,
घाई न करता ओढत राहिली.
टोकाकडे गवतासाठी पातळ,
टाचेकडे फांदीसाठी जाडसर.
लोखंडाचा चुरा तिच्या नखांत, माझ्या चपलांवर.
शेवटी अंगठ्यानं धार आडवी चाचपली,
मनगटावरचे चार केस उडवून पाहिले.

पैसे उजव्या हातानं दिले, मोजून.
"दोन सेडी कमी आहेत."
"धार कुणी लावली?"
मी काय बोलणार.
कोयता तिनं डाव्याच हातानं उचलला,
माफी मागितली नाही.
तेलकट कागद मात्र मागून घेतला.

ती गेल्यावर टोमॅटोवाली फळीपाशी घुटमळली.
हे उचल, ते ठेव.
"तशी एक मलाही दे करून," म्हणाली,
आणि कमरेच्या कापडातून हळूच डावा हात बाहेर काढला.
"सुरी चालेल. लहान.
फक्त टोमॅटोच कापायचेत."