पंपिंग

कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या भरताच्या वांग्यांसाठी.
फुंकणी तोंडाला लावली
आणि फुंकर नळीत मधेच बसली.
जाऊबाई म्हणाली, धूर गेला असेल.
मीही म्हटलं, धूर.

दिवाळीपर्यंत धूरच म्हणत होते.
गच्चीच्या तेरा पायऱ्या, सातवीवर धूर.
उताणं झोपलं की धूर.
तीन उशा झाल्या
तेव्हा ह्यांनी दुकान लवकर बंद केलं.

जळगावचा पोरसवदा डॉक्टर
छातीवर थंड चिकट काही फिरवत
पडद्यात बघून विचारतो,
काकू, आधी कसलं ऑपरेशन?
सांगितलं, चौदा वर्षांमागचं:
डावीकडची गाठ,
लाल औषधाच्या चार बाटल्या, लघवीसुद्धा लाल,
जांभळ्या शाईच्या रेघा, पंचवीस शेक,
आणि पाच वर्षांनी नाशिकच्या मॅडम
फाइल मिटून म्हणाल्या, आता विसरा.
मी विसरले. गल्लीभर पेढे वाटून विसरले.
औषध मात्र पाठांतराचं पक्कं निघालं.

फुप्फुसाच्या शेंड्याला जाळी, शेकाची.
आणि पंपिंग, तो म्हणाला, पस्तीस टक्के.

हा शब्द ऐकून हे खुर्चीत सरळ बसले.
एवढा वेळ कागदांची पिशवी धरून गप्प होते.
भिकन मोटार रिवायंडिंग, यावल रोड, चोपडा.
तापीकाठच्या किती जळक्या मोटारी
ह्यांच्या हातून पुन्हा पाण्यावर गेल्या.
म्हंजे चाली राह्यनी, ह्यांनी विचारलं,
पन पानी वर फेकत नही?
डॉक्टर धुळ्याकडचा. हाव बा, तसंच शे.
मंग लोड कमी करना पडी, हे म्हणाले,
आणि मला वाटलं, आता वॉरंटी विचारतात.

गोळ्या चार. मीठ चिमटीत. पाणी लोट्यानं मोजून.
ज्यानं वाचवलं त्याला शिव्या देता येत नाहीत.
देऊन पाहिल्या, मोरीत, नळ सोडून.
मधली चौदा वर्षं परत द्या म्हणालं कोणी,
त्यात दोघींची लग्नं, एक नातू, ऐन थंडीतले एवढे भरीत,
तर देणार नाही.
तरी पायऱ्या तेरा त्या तेराच.

बेरिंग तपासताना हे स्क्रूड्रायव्हरचं टोक
मोटारीला टेकवतात, मूठ कानाशी,
डोळे मिटतात; गिऱ्हाईक तोवर श्वाससुद्धा हळू घेतं.
काल रात्री लाईट गेली. पंखा थांबला.
ह्यांनी नुसता कान लावला माझ्या पाठीला.
केसांना वार्निशचा वास.
बराच वेळ.
काय ऐकलं?
आवाज शे, म्हणाले.
मग झोपा, म्हटलं. ती उशी द्या इकडे.