लाइन दिली आहे

मी दुसऱ्यांचं ‘मी’ लिहिते.
दर पोस्टला अठराशे रुपये, जीएसटी वेगळा.
घोडपदेवच्या खोलीत, शिलाई मशीनच्या फळीवर लॅपटॉप ठेवून
सकाळी मी कांदिवलीचा दंतवैद्य असते,
दुपारी पवईची योगशिक्षिका,
दिवेलागणीला केतन सावला, मॉड्युलर किचन, मुलुंड पश्चिम.
तिघांच्या वतीने मी हरते, मग शिकते,
पहाटे पाचला उठते
आणि शेवटी विचारते, तुमचं काय मत?

बीकेसीत मेळावे असतात.
गळ्यात नावाची पट्टी अडकवायची,
तीनशे चाळीसची कॉफी घट्ट धरायची
आणि समोरच्याशी बोलताना त्याच्या खांद्यावरून
आणखी कामाचा माणूस येतोय का ते बघायचं.
परवा माझ्या पट्टीवर छापलं होतं ‘वीणा राऊत’.
राऊळ, असं सांगावंसं वाटलं.
नाही सांगितलं. कार्डं संपेपर्यंत वाटत राहिले.

सावलाशेठ म्हणाले, आता आईवर एक होऊन जाऊ दे.
मंगळवारी साडेआठला टाकू, आईला रीच चांगला मिळतो.
विचारलं, तुमच्या आई कशा आहेत?
म्हणाले, आई कशी असते? आईसारखी. तू लिही ना.

तर लिहिलं.
फोर्टच्या एक्सचेंजमधली रात्रपाळी लिहिली,
हेडसेटने केसांत पडलेली, तेलानेही न बसणारी खाच.
सणासुदीला ती परक्यांचे नातलग एकमेकांना जोडून द्यायची,
इंदूरचा नवरा, चिपळूणची बाळंतीण,
आणि मध्येच बोलावं लागे,
‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’
पण पलीकडे कुणी रडत असलं
की ती विचारायलाच विसरायची.
दोनदा मेमो मिळाला.
शेवटी केईएममध्ये, चादरीच्या सुरकुत्यांत
ती वायरी खोचत होती.
‘बोला, लाइन दिली आहे,’ म्हणाली.
मी काहीच बोलले नाही.
एवढं एक पोस्टमधून गाळलं.

एकतीस हजार लाइक.
दुपारपर्यंत बेंगळुरूचा कुणी गुंतवणूकदार रडला.
किचनच्या चौकश्या सतरा.
सांताक्रूझच्या मावशीने ते मलाच पाठवलं,
‘कुणा सावलाचं आहे, वाच.
अगदी आपल्या ताईसारखी होती बघ त्याची आई.’
मी अंगठा दाखवला.

गुरुवारी फोन. अनोळखी नंबर.
‘हेमकुंवर बोलते. केतनची मम्मी.
मी तर कधी नोकरी केली नाय, बेटा. खाखरे केले.
आता सोसायटीत सगळे विचारतात, कोणता एक्सचेंज?
भाजीवाला पण.
मी बोलली, फोर्ट.’
हसली. मग हसू थांबलं.
‘केतनला विचारलं, तो बोलला, मम्मी, कन्टेन्ट आहे.
पण केसातली ती खाच कोणी मनाने नाय लिहीत.
खरं सांग, ही बाई कोण?’

इतक्यांच्या गळ्याने बोलले होते,
आणि माझाच घसा
शिलाई मशीनच्या खणात ठेवून विसरल्यासारखा,
सापडेना.
तीन मिनिटं झाली असतील.
वाढवू का, म्हणून कुणी विचारलं नाही.

‘माझी,’ म्हटलं.

बराच वेळ तिच्याकडचा पंखा ऐकू आला.
‘नाव काय होतं?’
नाव सांगायला मनाई असायची त्यांना, मी म्हटलं.
नंबर सांगायचा. एकशे सोळा.
‘ते ऑफिसात. घरी?’

कुमुदिनी.
कुमुदिनी भास्कर राऊळ.

तिच्याकडे कुकरची शिटी झाली.
‘थांब, गॅस बंद करून येते,’ म्हणाली,
‘ठेवू नको हां.’