चिकटलेला बर्फ

तोरुन छिन्नी टेकवते दगडाच्या कपाळावर
आणि विचारते, घेऊ?
घे, रावना म्हणते. चिमूटभरच.
आणि हळू, खाली पाडसं आहेत.

वारांगरच्या या माथ्यावर झाड नाही.
फुटके दगड दूरवर, आणि मध्येच मनोरे,
भाकऱ्यांची चवड कुणी रचून विसरावी तसे.

एवढासा तुकडा पिशवीत जातो.
याने किती वर्षं आभाळ पाहिलं
आणि किती वर्षं झाकलेला होता,
म्हणे मोजता येतं.

"झाकलेला? कशाने?"
"बर्फाने. या मनोऱ्यांच्याही कितीतरी वर."
"मग हे पडले कसे नाहीत?"

तोरुन हातमोजा काढते, तळहात दगडाला चिकटवते.
"असा. तळापर्यंत गोठलेला.
त्याला सरकताच आलं नाही.
अंड्यांवर बसावं तसा बसून राहिला."

मग बोट दरीकडे.
"तिथे तो जाड होता, बुडाशी उबेला आलेला.
पाणी सुटलं, आणि पाय सुटला.
डोंगराची बरगडी न बरगडी खरवडत
गेला समुद्रापर्यंत."

रावना बराच वेळ गप्प.
कुत्रा येऊन तिच्या बुटावर बसतो.

इस्साक फ्योर्डमध्ये गेला त्या वर्षी
आई रडली नाही.
त्याची टोपी खुंटीवर, फास दाराशी,
कपात वाळलेली कॉफी. अकरा वर्षं.
कुणी हात लावायचा नाही.
आई गेली तेव्हाही घर जसंच्या तसं,
फक्त आत कुणाला बसता येत नव्हतं.

आणि मी रडले.
महिनाभर, मग वर्षभर.
माझ्यातून नवरा गेला, चाळीस रेनडियर गेले,
इस्साकचा आवाजसुद्धा गेला.
आता आठवायला बसते तर
नुसता खोंगा सापडतो.

हे ती तोरुनला सांगत नाही.
सांगते एवढंच,
"माद्या वितात त्या दरीतच.
गवत तिथे आहे.
इथे येतो आम्ही डास फार झाले की,
वाऱ्याला."

मग वाकून
छिन्नीने उघडलेल्या जागेवर बोट ठेवते.
आत गुलाबी आहे.
कधीच ऊन न पाहिलेलं.

"थंड आहे का?" तोरुन विचारते.

रावना बोट काढत नाही.
खाली एक पाडस आईला हाक मारतं,
आणि दरी ती हाक
दोनदा परत करते.