साखळी क्रमांक चारशे एकोणीस

थेटेंच्या गिरणीपाशी मी शून्य लिहिलं,
पिवळ्या खडूनं, गटाराच्या झाकणावर.
बाळनाथ टेपचं टोक धरून चालत सुटला
हिरावाडीतून पाटाच्या दिशेनं.
सकाळचे साडेसहा. दूधवाला
उंबरा ओलांडावा तसा
टेपवरून पाय उचलून गेला.

सहाशे चाळीस मीटर. रुंदी सात,
फक्त खैरनारांच्या ओट्यापाशी पावणेसहा.
ओट्यावरून खैरनार म्हणाले,
"सातच लिहा ताई. पुढच्या वेळेपर्यंत तोडतो."
मी पावणेसहा लिहिलं.

प्राकलनात एक रकाना असतो: कामाची आवश्यकता.
आम्ही सगळे तिथे एकच वाक्य लिहितो,
"सदर रस्ता नादुरुस्त झाल्याने नागरिकांची गैरसोय होत आहे."
इतक्या रस्त्यांवरून जाऊन जाऊन
ते वाक्यच आता गुळगुळीत झालंय.

शकूर मिस्त्रीनं त्याची डायरी दिली.
पाटी: रिम सरळ करून मिळेल.
विमा कंपनीची फुकटची डायरी, आत तारखा,
गाड्यांचे नंबर, आणि पुढे:
पुढचं चाक, मागचं चाक, दोन्ही.
जूनमध्ये एकवीस. ऑगस्टमध्ये त्रेपन्न.
"तुमच्या कामाचं आहे का बघा."
मी झेरॉक्स जोडली, परिशिष्ट क.
धात्रक साहेबांनी चष्मा कपाळावर नेला,
"हे काय, दवाखान्याचं रजिस्टर?"
पण काढायला सांगितलं नाही.

खडी, डांबर, रोलर, चाचणी, कर:
सत्तेचाळीस लाख तीस हजार.
फाईल गेली. आली. पुन्हा गेली.
लेखाशीर्षात शिल्लक नाही.
सिंहस्थाचा पैसा गोदेकडे जाणाऱ्या रस्त्यांना,
आमचा जातो पाटाकडे,
आणि पाटात पर्वणीला
म्हशींशिवाय कोणी उतरत नाही.

एकोणतीस मार्चला लेखा विभागातून निकम बाईंचा फोन.
कुठल्याशा कुंपणाचे एकतीस लाख उरलेत.
"परवापर्यंत मंजुरी आणलीस तर तुझे.
नाहीतर व्यपगत."
पैसा मरत नाही आमच्याकडे,
बुडत नाही, चोरीलाही जात नाही,
व्यपगत होतो. किती सभ्य शब्द.

एकतीस भागिले सत्तेचाळीस पूर्णांक तीन.
ठेकेदार मोगल खुर्ची पुढे सरकवत म्हणाला,
"मॅडम, थर पातळ करू.
अख्खा रस्ता काळा दिसेल, सगळे खूश."
"आणि सप्टेंबरात?"
"सप्टेंबरात सगळेच रस्ते तसे असतात."
त्या रात्री मी दोन्ही हिशेब मांडले,
जेवणाचं ताट बाजूला सारून.
खरं सांगायचं तर पातळ थराचा
जास्त सोपा होता, त्याच्यावर कोणी भांडलं नसतं.
सकाळी जाडी तशीच ठेवली,
लांबी कापली: चारशे एकोणीस.

पाटाकडच्या दोनशे एकवीस मीटरवाल्यांनी
मला काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

मे महिन्यात, रात्री, डांबर पडलं.
वाफा, थर्मामीटर, रोलरचा पिवळा दिवा,
गॅलरीत झोपेतून उठून आलेली मुलं.
पहाटे आम्ही पोचलो शकूरच्या दारात.
"इथेच संपला?"
"पैसे इथे संपले."
तो उकिडवा बसला. नव्या थराच्या कडेवर
बोट टेकवलं: दोन इंच, धारदार.
आता गाड्या भरधाव येणार
आणि नेमक्या त्याच्या पाटीखाली आपटणार.
बाळनाथ हसला, "मिस्त्री, लॉटरी!"

शकूर काही बोलला नाही.
घमेल्यात उरलेलं गरम डांबर त्यानं
फावड्यानं कडेला ओढलं, थापलं, पुन्हा ओढलं,
हातभर उतार काढला,
आणि माझीच स्कूटर मागून घेऊन
दोनदा त्याच्यावरून वर-खाली गेला.

मोजमाप पुस्तकात मी लांबी लिहिली,
रुंदी, जाडी, तारीख, सही.
उतार कोणत्या रकान्यात टाकायचा
ते धात्रक साहेबांनाही सांगता आलं नाही.