वीस मिनिटांनंतर

सकाळी मी विसरायला शिकवते.
बर्फ सारवून यंत्र नुकतंच बाहेर पडलेलं असतं,
रिंक ओली, कोरी,
आणि गोलकीपर नीलो मुखवटा कपाळावर सरकवून
दातांच्या डॉक्टरकडे बघावं तसा माझ्याकडे बघतो.
"मागे गेलेली चकती तुझी नाही," मी म्हणते,
"ती जाळ्याची झाली.
श्वास सोड. काठी डाव्या खांबाला लाव, उजव्या खांबाला लाव.
खांब होते तिथेच आहेत. आता पुढची."
कोच मान डोलावतो. क्लब मला पैसे देतो ते याचेच:
झालेला गोल तीन सेकंदांत पुसायचे.

दुपारी, याच कुओपिओत, इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर
मी आठवायला सांगते.
होडी. लोकर. घंटा. लिंबू. जिना.
एकतीस वर्षं हेच शब्द,
मध्ये एकेक सेकंद, आवाजात चढ नको की उतार नको.
माझा मुलगा म्हणायचा,
आई, तू वाणसामानसुद्धा असंच सांगतेस.

नीलो इथेही आला होता, ऑगस्टमध्ये,
हंगामाआधी डोकं मोजून ठेवतात तेव्हा.
वीस मिनिटांनी म्हणाला, "लोकर. जिना. बाकीचं गेलं."
फार पटकन म्हणाला.
ज्याचं खरंच हरवतं त्याची नजर घरभर फिरते,
किल्ल्या शोधाव्यात तशी.
याची जागची हललीच नाही.
ड्रेसिंगरूममध्ये कुणीतरी शिकवलेलं असतं:
आज कमी दाखव,
म्हणजे उद्याचा मार कागदावर उमटणार नाही.
मी पेन खाली ठेवलं.
"खोटं विसरायला स्मरणशक्ती फार चांगली लागते, नीलो."
त्याचे कान लाल झाले.
मग पाचही शब्द म्हणाला, आणि वर उलटेही,
जिन्यापासून होडीपर्यंत.
मी तो पहिला कागद फाडला नाही. का, ते सांगता येणार नाही.

आज ताइस्तो.
हेल्मेट म्हणजे भित्र्याचं काम, त्या काळातला बचावपटू.
आदळला की नाकाशी अमोनिया,
पाठीवर थाप, आणि परत आत.
किती वेळा? विचारलं तर हसतो,
"ते समोरच्याला विचारा."
बाहेर बाकावर त्याची आउने मोजे विणत बसलेली,
दार अर्धं उघडं, ती ओठ मिटून बसते,
नाहीतर उत्तरं तीच देईल.

"लोकर," ताइस्तो म्हणाला.
बऱ्याच वेळाने, "जिना."
मग खिडकीकडे बघत राहिला.
साडेतीनलाच काच काळी झालेली,
तिच्यात आम्ही दोघंच.
"तळं," तो म्हणाला.

पुस्तकात लिहिलंय: जवळचा शब्द, शून्य.
मी शून्य लिहिलं.
पाचापैकी दोन. तोच आकडा, तेच दोन शब्द,
खणात खाली नीलोचा कागद.
एकाने शब्द दडवले,
दुसऱ्यापासून शब्दच दडून बसलेत,
आणि माझ्या फूटपट्टीला फरक कळत नाही.

ताइस्तो कोटाच्या बाहीत हात शोधत दारापाशी थांबला.
"आउने, होडी उलटी घातलीस ना?
तळं गोठायच्या आत घालायला हवी."
आली. मागच्या दाराने आली,
वेळ संपल्यावर, कोट घालताना.
"हो," आउने म्हणाली, "घातली,"
आणि त्याच्या मागून माझ्याकडे बघून
नुसती मान हलवली: विकली कधीच.
फॉर्मवर याला चौकोन नाही.
समासात मी पेन्सिलीने लिहिलं, होडी, चार वाजून दोन मिनिटं.

सकाळी परत रिंक.
निळ्या रेषेपासून आलेली चकती
नीलोच्या बगलेखालून जाळ्यात.
त्याने श्वास सोडला.
डावा खांब, टक्. उजवा खांब, टक्.
कोचने माझ्याकडे बघून अंगठा वर केला.
नीलोच्या तोंडावर मुखवटा होता.
तो खरंच विसरला का,
इथून मला दिसत नव्हतं.