एकतीस अंश

अल खोरच्या उत्तरेला, रात्री पावणेतीनला,
मी समुद्राचा ताप बघते.
पस्तीस पूर्णांक दोन.
वहीत लिहिते, आत येऊन आकडा त्याच्या चौकटीत भरते
आणि ताळेबंद पुन्हा एकदा खाली बसतो.

कागदावरचा समुद्र पंधरा अंशांचा होता.
कुठल्याशा गार गावात, स्वेटर घालून,
अगदी प्रामाणिकपणे कुणीतरी लिहून दिलं होतं :
शंभर भाग वायू जाळा,
पंचावन्न भाग वीज घ्या,
आणि धुराडं नको.

धुराडं नाही, हे खरंच.
पाहुणे येतात ते आधी तेच शोधतात,
मान वर करतात,
मग कुठे बघावं ते न सुचून टोपी नीट करतात.

हवेतून आधी प्राणवायू निवडायचा,
तांदळातून खडे काढावेत तसा; फक्त इथे खडेच चार वाट्या
आणि तांदूळ एक. त्या निवडण्यातच
दहा-बारा भाग गेले.
मग जाळायचं. उरतं पाणी आणि कर्बवायू.
पाणी काढून टाकायचं,
कर्बवायूला तीनशे पट दाबून परत त्याच चाकावर.
जो जास्तीचा होईल तो पाइपातून खडकाखाली.
नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात.
इथे दोन्ही दाबलंय
आणि चाक फिरतंय.

पण एकतीस अंश.
त्याच्या खाली हा वायू पाण्याचा होतो,
पंप त्याला सहज पुढे सारतो.
त्याच्या वर तो ना पाणी ना हवा,
फुगून बसलेला,
आवळायला दुप्पट जोर लागणारा.
ऑगस्टचा आखात एकतीसला ओळखही देत नाही.

गानिम अल-मुहन्नदी दोन कप करक चहा घेऊन येतो.
त्याचा पणजोबा मोत्यांच्या गलबतावर सैब होता,
दोर धरून बसणारा.
खाली माणूस, वर हा, हातात झटक्याची वाट.
"तळाशी पाणी गार असायचं म्हणे,
वर आलेल्याचे पाय आधी बघायचे."
मी विचारते, आता कसं असेल तळाशी?
"आता कोण उतरतंय," म्हणतो,
आणि वॉल्व्ह बदलण्याच्या परवान्यावर माझी सही मागतो.

सकाळच्या बैठकीसाठी रेमेडिओस साहेबांचा निरोप आहे :
वार्षिक सरासरी लिही.
जानेवारीत समुद्र एकोणीसला येतो,
तो धरला की आकडा जरा बरा दिसतो.

खामगावच्या जिनिंगमध्ये वडील काटा सांभाळायचे.
ओल्या कापसाची घट वेगळ्या रकान्यात,
लाल शाईने. मालक म्हणायचा, एवढं कशाला.
वडील म्हणायचे, घट जात नाही कुठे,
लपवली की दुसऱ्याच्या पदरात पडते.
तेव्हा मला वाटायचं ते कापसाबद्दल बोलतायत.

पलीकडच्या जुन्या केंद्राची नोंद अठ्ठावन्न टक्के.
त्याला धुराडं आहे.
त्याच्या वहीत लाल शाईचा रकानाच नाही,
तो रकाना आभाळात आहे, आणि आभाळावर
सही कुणाची लागत नाही.

मी लिहिते : ऑगस्ट, सत्तेचाळीस.
जानेवारी, चोपन्न.
सरासरी काढत नाही. काढायची तर त्यांनी काढावी.

आणि आमचीही एक घट राहिलीच की :
जो समुद्र आत घेतो तो
सात अंश चढवून परत करतो,
लांबवर, काँक्रीटच्या तोंडातून,
जिथे रात्री बगळे ओळीने उभे असतात
कारण मासे तिथे गोंधळतात.
याला कुठला रकाना, मला माहीत नाही.
समासात लिहून ठेवते.

साडेचारला पुन्हा तापमान.
पस्तीस पूर्णांक तीन.
उपकरणाची चूक असेल.
असेल, तरी लिहिते.